वेल्श बोलेल त्याला चहा

सांगलीला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय, नायगारा पाहिला का?" पाहिला. भरपूर पाणी आहे, ते वरून खाली पडतं आणि आपण निळा रेनकोट घालूनही भिजतो. शिकागोलाही गेलो, तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर हिंगाची डबी आणि जिलबी घेतली. फोटो आहेत, घरी या, दाखवते. पण मला त्या मुक्कामात सगळ्यात जास्त काय आवडलं असं कोणी विचारलंच, तर मी एका चॅपलच्या तळघरातल्या चहाच्या टेबलाबद्दल सांगायला लागते. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. पडू दे.

ईडन प्रेरी

दोन हजार पाचचा उन्हाळा आम्ही दोघं आमच्या लेकीकडे, अनुजाकडे होतो. मिनेसोटात मिनीआपोलिसजवळ ईडन प्रेरी नावाचं उपनगर आहे, तिथे तिचं घर. जावई संदीपराव नागपूरचे. स्वभावाने सोनं, पण आमच्याशी बोलताना निम्म्याहून जास्त इंग्रजीत बोलतात. त्याचं कारण आमच्याच घरात आहे. आमचे हे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. चूक दिसली की यांचे हात शिवशिवतात, आणि ती बोलण्यातली असली तर जीभ. लग्न ठरलं त्याच बैठकीत यांनी संदीपरावांची दोन वाक्यं दुरुस्त केली होती. मी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. मला भाषेची शुद्धता फारशी कळत नाही, पण आवाज मात्र खणखणीत आहे.

समोरच्या घरात एलिस राहायचे. वय सहासष्ट, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. हे सकाळी फिरायला निघाले की "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि एलिस बागेला पाणी घालता घालता म्हणायचे, "बोरे दा." ही कुठली भाषा, असं यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं आणि मैत्री जमली. ती वेल्श. इंग्लंडला चिकटून वेल्स नावाचा चिमुकला देश आहे, तिथली. एलिसचे पणजोबा तिथून मिनेसोटात शेती करायला आले होते.

एलिसच्या शर्टावर कायम एक नारिंगी कापडाचा गोल बिल्ला असे. वेल्समध्ये गेले असताना त्यांनी दुकानदारांच्या छातीवर असे बिल्ले पाहिले होते. बिल्ला असलेल्या माणसाशी बेलाशक वेल्शमध्ये बोलायला सुरुवात करावी, अशी खूण. परत आल्यावर एलिसनी घरीच एक शिवून घेतला आणि तो लावून भाजी आणायला जाऊ लागले. मी म्हटलं, "अहो, इथे आख्ख्या दुकानात वेल्श कोणाला येतंय?"

"कोणालाच नाही," ते म्हणाले. "पण उद्या कोणी भेटलं आणि नेमका मी बिल्ला लावलेला नसला तर?"

मी हसले खरी, पण मला आठवलं. आल्या आल्याच इथल्या इंडियन ग्रोसरीत एका बाईंशी मी भेंडीवरून चांगल्या गप्पा मारत होते. "ये भेंडी कल की है क्या?" "नहीं नहीं, आज की ही लगती है." माझं हिंदी असं, त्यांचं त्याहून बरं नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा नवरा गाडीच्या किल्ल्या हलवत आला आणि म्हणाला, "अगं, आटप ना लवकर." बाई मिरजेच्या निघाल्या! सांगलीहून मिरज म्हणजे हाकेच्या अंतरावर. दोन मराठी बायका सातासमुद्रापार जाऊन एकमेकींशी मोडकं हिंदी बोलत होत्या. आपण मराठी माणसं अनोळखी चेहरा दिसला की आधी आपली भाषा खिशात घालतो, मग तोंड उघडतो.

सप्टेंबरात एलिसनी आम्हाला त्यांच्या मूळ गावी यायचं आमंत्रण दिलं. मंकेटोच्या पुढे कुठेसं लहान गाव. तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे लहानशा चर्चमध्ये, वर्षातून एकदा वेल्श भजनं गायला जुनी घराणी जमतात.

"आई, तू बोअर होशील," अनुजा म्हणाली. "तिकडे कॉर्नशिवाय काहीच नाहीये. आणि ऑफिसमध्ये माझं रिलीज आहे, मी ड्राइव्ह करू शकणार नाही."

"अगं, एलिससोबत जाऊन राहिले ना ते," संदीपराव म्हणाले. "मस्त एरिया आहे तो."

"जात आहेत," हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले.

"राइट," संदीपराव म्हणाले आणि लॅपटॉप उचलून आत गेले.

मंकेटोच्या वाटेवर

शनिवारी सकाळी निघालो. मोटारीत बसताना माझ्या पदराचं टोक दारात अडकलं आणि बाहेर राहिलं. मला पत्ताच नाही. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून हातवारे केले. हे म्हणाले, "किती अगत्यशील लोक!" आणि आम्ही दोघांनी हात हलवले. पुढे पेट्रोल पंपावर उतरलो तेव्हा माझ्या चांगल्या इरकलीच्या काठाचं पोतेरं झालं होतं.

दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. मका वाळून पिवळा पडला होता, कापणीला आलेला. मधूनच धान्याची उंच पत्र्याची कोठारं. आभाळ एवढं मोठं की आपल्याकडे एवढं आभाळ बघायला पन्हाळ्यावर चढावं लागतं. माणूस मात्र शेतात एकही नाही. आपल्याकडे एवढ्या शेतात निदान चारजण बांधावर बसून दुसऱ्याच्या शेताबद्दल बोलत असते.

गाडी चालवता चालवता एलिसनी आपलं मन मोकळं केलं. त्यांची आई वेल्श बोलायची, पण मुलांना तिने शिकवलं नाही. शाळेत मुलं मागे पडतील म्हणून घरात इंग्रजीच. ती गेल्यावर एलिसना चुटपुट लागली. त्यांनी कॅसेट आणल्या, पुस्तकं आणली, उन्हाळ्यात वेल्सला जाऊन वर्ग केले, आणि उतारवयात ती भाषा शिकले. आता जन्मापासून ती भाषा बोलणारी घराण्यात एकच व्यक्ती उरली होती. त्यांची मावशी, नेस्टा. वय शहाऐंशी. बहीण होती तोवर दोघी टेलिफोनवर रोज वेल्शमध्ये बोलत. बहीण गेल्यापासून मावशी बंद.

"मी तिच्याशी वेल्शमध्ये बोलतो," एलिस म्हणाले, "आणि ती इंग्रजीत उत्तर देते. प्रत्येक वेळी. काकू, ती एकदा माझ्याशी त्या भाषेत बोलावी एवढंच मला हवंय. माझ्या आईचा आवाज तसाच होता."

मला ते काकू म्हणायचे, कारण अनुजाच्या मित्रमंडळींकडून त्यांनी तेच ऐकलं होतं. आमच्यात चार-पाच वर्षांचं अंतर असेल. पण त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल खरंच लहान मुलाबद्दल वाटावं तसं वाईट वाटलं.

या वर्षी त्यांनी एक बेत केला होता. भजनं झाली की चॅपलच्या तळघरात चहापान असतं. तिथे एक टेबल वेगळं मांडायचं, त्यावर नारिंगी कापड, आणि त्या टेबलावर चहा फक्त वेल्शमध्ये मागेल त्याला. एक वाक्य आलं तरी पुरे. चॅपलच्या समितीने जेमतेम होकार दिला होता. आम्हालाही त्यांनी गाडीत ते वाक्य शिकवलं: "गा ई बानेड ओ दे, प्लीस." मला एक कप चहा मिळेल का. यांनी चार वेळा म्हणून ते घोटून पाठ केलं. माझ्या तोंडात ते काही केल्या बसेना.

नेस्टाबाईंच्या स्वयंपाकघरात

नेस्टाबाई शेतावरच्या पांढऱ्या लाकडी घरात राहत होत्या. ठेंगण्या, ताठ, आणि डोळ्यांत असा काही मिस्कील भाव की मला लगेच बरं वाटलं. एलिस दारातच वेल्शमध्ये चार वाक्यं बोलले. अगदी स्पष्ट, बातम्या सांगतात तसे.

"पाय पुसून आत ये," मावशी इंग्रजीत म्हणाल्या.

दुपारी पुरुषमंडळी चॅपलमध्ये खुर्च्या मांडायला गेली आणि मी नेस्टाबाईंच्या हाताखाली लागले. उद्यासाठी वेल्श केक करायचे होते. नाव केक असलं तरी हे भट्टीत नाही, तव्यावर भाजतात. जाड बिडाचा तवा, त्यांच्या आजीचा. कणीक लोण्यात चोळलेली, त्यात साखर, बेदाणे आणि जायफळ. जायफळाचा वास आला आणि मी म्हटलं, अरे, हे तर आपल्यातलंच! नेहमी नेस्टाबाई यात डुकराची चरबी घालतात, पण आम्ही येणार म्हणून फक्त लोणी घातलं होतं. अंडं होतं. अंड्याकडे मी काणाडोळा केला.

त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं. मी आपल्या सवयीने लाटत गेले आणि बघता बघता पातळ, गोल, पोळीसारखं लाटून मोकळी झाले. नेस्टाबाईंनी तो कागद उचलून उजेडात धरला. "यातून मला खळं दिसतंय," त्या म्हणाल्या. केक बोटाच्या जाडीचा हवा होता. दोघी हसलो, पुन्हा गोळा केला. मग त्या लाटू लागल्या आणि मी भाजू लागले.

मला आडून आडून विचारता येत नाही. मी सरळ म्हटलं, "तुम्ही एलिसशी वेल्शमध्ये का बोलत नाही? तो बिचारा झुरतोय."

त्यांनी आणखी दोन केक लाटले. मग म्हणाल्या, "बोलत होते की. तो पहिल्यांदा शिकून आला तेव्हा मला कोण आनंद झाला! मी त्याला मोटारीबद्दल काहीतरी सांगत होते. त्याने मला मध्येच थांबवलं. म्हणाला, मावशी, तू वापरलास तो शब्द इंग्रजी आहे, खरा वेल्श शब्द असा आहे. मग पुढच्या वाक्यात पुन्हा. मग पुन्हा." त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "माझी भाषा गोठ्यातली आहे. आम्ही मक्याची आणि यंत्रांची नावं इथेच शिकलो, ती इंग्रजीच असणार. पण ती माझी भाषा होती. माझ्याच स्वयंपाकघरात, ऐंशी वर्षांची असताना, मी नापास झाले."

"हे त्याला सांगितलंत?"

"नाही. त्याचा उत्साह बघितलात ना?"

मी त्यांना आमच्या संदीपरावांबद्दल सांगितलं. नागपूरचा माणूस, घरी फोनवर स्वतःच्या आईशी बोलताना कसा खुलतो, धबधबा नुसता, आणि आमच्यासमोर आला की कसा इंग्रजीत शिरतो, ते सांगितलं. नेस्टाबाईंनी सगळं नीट ऐकलं. "आणि चुका कोण काढतं?" त्यांनी विचारलं. मी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. अंगणात हे आणि एलिस नुकतेच परत आले होते आणि एका शब्दकोशावर दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती.

"देवाने जोडी बरी जमवली," नेस्टाबाई म्हणाल्या.

उद्या त्या नारिंगी टेबलावर चहा तुम्ही ओता, एवढी गळ मी त्यांना घातली. त्या म्हणाल्या ओतीन, पण बिल्ला लावणार नाही आणि बोलेन ते इंग्रजीत. रात्री जेवायला बटाटा आणि लीकचं सूप होतं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. यांनी माझ्याकडचं भडंग त्यात टाकून खाल्लं, ते पाहून एलिसनीही टाकलं.

चॅपल

रविवारी चॅपल भरून गेलं होतं. माझी अपेक्षा होती चार म्हातारी डोकी आणि एक पेटी. पण बायका, पुरुष, पोरंसोरं, सगळे बारीक ते जाड अशा चार आवाजांत वाटून बसले आणि पहिला सूर लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शेतात राबून थोराड झालेले पुरुष डोळे मिटून गात होते. शेवटची ओळ संपली की पुन्हा म्हणायची, मग पुन्हा, मन भरेपर्यंत. भाषा एक अक्षर कळत नव्हती आणि मी रडत होते.

गाणं थांबल्यावर शेजारच्या बाईंना मी या ओळीचा अर्थ विचारला. त्या अगदी निर्मळपणे म्हणाल्या, "कोण जाणे! आम्हाला पाठ आहे." मला हसू आलं. नुकताच ईडन प्रेरीत गणपती झाला होता. तिथली मुलं आरत्या घडाघडा म्हणत होती, एक कडवं चुकत नव्हती, आणि आरती संपल्याबरोबर "मॉम, कॅन आय हॅव सम वॉटर?" गाण्यात भाषा राहते, पण तहान लागली की दुसऱ्या भाषेत लागते. एलिस पाण्यापाशी, चहापाशी का अडून बसले होते, ते मला तेव्हा कळलं.

तळघरात उतरलो. एका बाजूला लांबलचक टेबल, त्यावर कॉफी, ॲपल पाय, सँडविचेस. दुसऱ्या बाजूला नारिंगी कापडाचं टेबल, त्यावर दोन किटल्या आणि आमचे वेल्श केक. मागे नेस्टाबाई ताठ बसलेल्या, बिल्ल्याशिवाय. बाजूला एलिस, हातात बिल्ल्यांची टोपली घेऊन.

सगळी माणसं कॉफीकडे गेली.

मी बघत होते. लोक नारिंगी टेबलाकडे पाहून हसत, एलिसच्या पाठीवर थाप मारत आणि पुढे सरकत. एक उंच गृहस्थ म्हणाले, "मला म्हणायचंय रे, पण मला नीट येत नाही." त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, "माझी आजी ऐकत असेल वरून, चुकले तर?" समितीच्या बाई येऊन गोड आवाजात म्हणाल्या की पुढच्या वर्षी या टेबलावर ॲपल पाय ठेवता येतील, जागा कमी पडते. एलिस "हो, हो" म्हणत राहिले. जत्रेत दुकान मांडावं आणि गिऱ्हाईकच येऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मला राहवलं नाही. मी पदर खोचला आणि सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिले. पण तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं पसार झालं. जे हाताला लागलं ते मी माझ्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हटलं, "ओ दे! बानेड! गा ई गा ई... प्लीस!"

आख्ख्या तळघराने वळून पाहिलं. आणि माझ्या मागून यांचा आवाज आला, "अगं, चुकलीस. 'गा ई' आधी. आणि एकदाच."

नेस्टाबाई उठल्या. त्यांनी किटली खाली ठेवली, यांच्यावर नजर रोखली आणि बोलायला सुरुवात केली. वेल्शमध्ये. हळू नाही, अडखळत नाही. नळ सोडावा तसं. हे तोंड उघडं टाकून उभे. ते बोलणं चाललं होतं तेव्हा त्यात अधूनमधून एखादा इंग्रजी शब्द येत होता आणि जात होता, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या काय म्हणाल्या ते मागाहून एलिसनी मला सांगितलं: ही बाई एवढ्या लांबून आली, तिला चहा हवा होता, तिने मागितला, मला कळलं. यात तुमचं काय गेलं? चहा देणारीला समजलं की वाक्य बरोबर.

मग त्यांनी माझा कप भरला आणि माझ्याशीही तसंच बोलल्या, भरभर. मी मान डोलावत राहिले. माझ्यापुढे त्यांना कसलीच भीती नव्हती, माझ्याहून वाईट वेल्श त्या तळघरात बोलूनच दाखवावं कोणी! तो उंच गृहस्थ पुढे आला आणि पुटपुटला, "बानेड... प्लीस?" त्याला केकसुद्धा मिळाला. आजीला भ्यायलेल्या बाई आल्या. त्यांच्या मागे आणखी दोघं. आमचे हे निमूटपणे रांगेत लागले.

एलिस जागचे हलले नव्हते. टोपली तशीच हातात. नेस्टाबाईंनी दुधाचं भांडं उचलून हलवून पाहिलं, आणि एवढी माणसं खोळंबली असताना हा नुसता उभा आहे म्हटल्यावर त्या त्याच्यावर खेकसल्या. ते वाक्य कळायला मला कोणाची गरज पडली नाही, कारण त्यात भांडं दाखवलेलं होतं आणि स्वच्छ 'फ्रिज' असा शब्द होता.

एलिसचे ओठ हलले. फ्रिजला वेल्शमध्ये शब्द असणारच, आणि तो एलिसना येत असणारच. यांनीसुद्धा श्वास रोखून त्यांच्याकडे पाहिलं. एलिसनी ओठ मिटले, भांडं घेतलं आणि मागच्या स्वयंपाकघराकडे जवळजवळ पळत गेले.

दूध काही येईना. रांग वाढली, नेस्टाबाई पुन्हा भडकल्या, शेवटी मीच आत गेले. फ्रिजचं दार सताड उघडं होतं. एलिस त्याच्यासमोर दुधाचं भांडं छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काकू," ते म्हणाले, "तिने माझ्याकडे दूध मागितलं."

"मग न्या की," मी म्हटलं, "चहा निवतोय."